हॅण्डहेल्डवरच्या ॲपचं इन्स्टॉलेशन पॅकेज: विचार दुसऱ्या इन्स्टॉलचा करा

प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी थोडक्यात मांडते. कोथरूडमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने चाकणच्या एका गोडाऊनसाठी मालाची आवक आणि डिस्पॅच नोंदवायचं ॲप केलंय. तिथे तीसेक ॲण्ड्रॉइड हॅण्डहेल्ड (बारकोड वाचणारी हातातली मशीनं) आहेत आणि डझनभर जुनी विंडोज मोबाईल ६.५ ची मशीनं. ॲपमध्ये बदल झाला की प्रश्नकर्ते लॅपटॉप आणि केबल घेऊन स्वतः जातात आणि एकेक मशीन जोडतात. गेल्या वेळी निम्म्या मशीनवर ‘ॲप नॉट इन्स्टॉल्ड’ एवढंच आलं, कारण काही नाही. मग जुनं ॲप काढून नवं बसवलं, तर सर्व्हरवर न गेलेल्या नोंदी उडाल्या. आता त्यांना असं पॅकेज हवंय की सुपरवायझरच्या हातात दिलं की काम झालं. आणि जुन्या विंडोज मशीनचं काय करायचं, हा जाता जाता विचारलेला उपप्रश्न.

फाईल कशी बनवायची हे तुम्हाला येतंय. ॲण्ड्रॉइड स्टुडिओत दोन क्लिक केले की एपीके, म्हणजे ॲण्ड्रॉइडची इन्स्टॉल करायची फाईल, हातात येते. अडचण पुढे आहे. तुम्ही आजपर्यंत फाईल दिलीत आणि बाकीचं सगळं स्वतःच्या हाताने केलंत: परवानग्या दिल्या, सर्व्हरचा पत्ता टाकला, स्कॅनरची सेटिंग केली, एकदा ॲप उघडून बघितलं. कोऱ्या मशीनपासून पहिला बारकोड वाचून त्याची नोंद सर्व्हरवर पडेपर्यंत जे जे लागतं, ते सगळं तुम्ही तिथे नसताना घडलं पाहिजे. ते सगळं मिळून पॅकेज. त्यातही पहिलं इन्स्टॉल सोपं असतं, कारण मशीन रिकामं असतं आणि तुम्ही समोर असता. खरी परीक्षा दुसऱ्या इन्स्टॉलला. मशीनवर जुनं ॲप असतं, त्यात अर्धवट डेटा असतो, शिफ्ट चालू असते आणि तुम्ही मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले असता.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. मशीनवर गूगलच्या सेवा आहेत की नुसतं मूळ ॲण्ड्रॉइड, गोडाऊनच्या वायफायला बाहेरचं इंटरनेट आहे की फक्त आतलं नेटवर्क, मशीनं ग्राहकाच्या मालकीची की भाड्याची, त्यांच्या आयटी विभागाकडे डिव्हाइस मॅनेजमेंट (सगळी मशीनं एका जागेवरून सांभाळायची यंत्रणा) आहे का. ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय कोणी ‘अमुकच टूल वापरा’ म्हणालं, तर त्याच्याकडे ते टूल विकायला असावं. मी जे सांगतेय ते भोसरी-चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या मध्यम आकाराच्या गोडाऊनना धरून. तिथे बहुधा आतलं वायफाय बरं असतं, बाहेरचं इंटरनेट बेभरवशाचं, आणि आयटी विभाग म्हणजे एकच माणूस, ज्याच्याकडे सीसीटीव्हीसुद्धा असतो.

आधी तुमच्या ‘निम्म्या मशीन’चं. निम्म्यावर बसलं आणि निम्म्यावर नाही, हे ऐकताच माझा पहिला संशय सहीवर जातो. प्रत्येक एपीकेवर एका खाजगी कीची (गुप्त डिजिटल किल्लीची) सही असते. मशीनवर आधीच असलेल्या ॲपवर नवी आवृत्ती बसवताना ॲण्ड्रॉइड दोन्ही सह्या ताडून बघतो. बँकेत धनादेशावरची सही खात्यावरच्या सहीशी जुळली नाही तर नाव बरोबर असूनही तो परत येतो, तसंच इथे. तुम्ही रिलीजसाठी (बाहेर द्यायच्या आवृत्तीसाठी) वेगळी की केली नसेल, तर स्टुडिओ आपणहून डिबग की (चाचणीपुरती की) वापरतो, आणि ती प्रत्येक लॅपटॉपवर वेगळी तयार होते. म्हणजे काही मशीनवर तुमच्या लॅपटॉपवरचं बिल्ड (कोडपासून तयार केलेली फाईल), काही मशीनवर सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरचं, आणि नवं बिल्ड तुमच्या लॅपटॉपवरचं. तुमची मशीनं सुरळीत, सहकाऱ्याची अडलेली.

अंदाजावर राहू नका, दहा मिनिटांत खात्री होते. अडलेलं एक मशीन केबलने जोडा आणि एडीबीतून (केबलवरून ॲण्ड्रॉइडला आज्ञा द्यायच्या टूलमधून) इन्स्टॉल करा. पडद्यावर जो मोघम संदेश येतो त्याच्या जागी इथे खरं कारण छापून येतं. ‘अपडेट इनकम्पॅटिबल’ आलं तर सही जुळत नाही. ‘व्हर्जन डाउनग्रेड’ आलं तर नव्या फाईलचा आवृत्ती क्रमांक जुन्यापेक्षा लहान आहे. ‘ओल्डर एसडीके’ म्हणजे मशीनचं ॲण्ड्रॉइड तुम्ही ठरवलेल्या किमान आवृत्तीच्या खाली आहे. ‘नो मॅचिंग एबीआय’ म्हणजे तुमच्या लायब्ररी त्या प्रोसेसरसाठी बांधलेल्याच नाहीत. हे बऱ्याचदा ६४ बिटच्या चिपवर ३२ बिटचं ॲण्ड्रॉइड टाकलेल्या मशीनवर दिसतं, म्हणून एआरएम प्रोसेसरचे ३२ आणि ६४ बिट हे दोन्ही प्रकार पॅकेजमध्ये ठेवा. आणखी एक फसवा प्रकार आहे. स्टुडिओच्या हिरव्या ‘रन’ बटणाने तयार झालेल्या एपीकेवर ‘फक्त चाचणीसाठी’ अशी खूण असते. ती स्टुडिओतून केबलने बसते, पण मशीनवर फाईलला टॅप करून बसत नाही. म्हणून सुपरवायझरला द्यायची फाईल नेहमी रिलीज बिल्डचीच.

आता सही वेगळी निघालीच, तर त्या मशीनवर वरून अपडेट बसवायचा मार्ग नाही. जुनं काढावंच लागतं, आणि काढलं की ॲपचा आतला डेटा जातो. काही जण सांगतात की काढताना ‘डेटा राखा’ असा पर्याय द्या. डेटा राहतो हे खरं, पण सही न जुळल्यामुळे नवं ॲप त्यावर बसत नाही, म्हणजे घोडं तिथेच. मात्र तुमच्या बाबतीत एक पळवाट आहे. तुमची बिल्डं डिबगची असतील तर केबल लावून ‘रन-ॲज’ या आज्ञेने ॲपच्या खाजगी फोल्डरमधला डेटाबेस बाहेर काढता येतो. रिलीज बिल्डला ही सोय नसते. तेव्हा उरलेल्या मशीनवर काहीही काढायच्या आधी एकेकाचा डेटाबेस कॉपी करून घ्या, मशीनचा अनुक्रमांक फाईलच्या नावात टाका, आणि मगच जुनं ॲप काढा. हे काम एकदाच आणि केबलनेच करायचंय. ही फेरी टळणार नाही, पण यानंतरच्या टळतील.

यापुढे पॅकेजची ओळख पक्की करा. ती तीन गोष्टींची असते: ॲपचा आयडी, आवृत्ती क्रमांक आणि की.

आयडी एकदा ठरला की बदलायचा नाही. बदलला तर ॲण्ड्रॉइडच्या लेखी ते निराळंच ॲप, दोन्ही शेजारी शेजारी बसतात आणि कामगार जुनंच उघडत राहतो. बऱ्याच जणांचा आयडी स्टुडिओने सुचवलेल्या ‘कॉम डॉट एक्झाम्पल’नेच सुरू होतो. उद्या गूगल प्लेच्या मार्गाने द्यायचं ठरलं तर तो आयडी तिथे चालत नाही. तुमच्या मशीनवरून जुनं ॲप काढायची वेळ आलीच आहे, तर तो बदलही आत्ताच उरकून घ्या.

आवृत्ती क्रमांक हा पूर्णांक असतो आणि तो फक्त वर जातो. लोकांना दिसणारं ‘२.३.१’ वेगळं, तिथे काहीही लिहा, ॲण्ड्रॉइड ते बघतही नाही. मी मुख्य आकडा दहा हजाराने, मधला शंभराने गुणते आणि शेवटचा मिळवते, म्हणजे २.३.१ चा झाला २०३०१. त्यामुळे लॉगमध्ये आकडा बघूनच आवृत्ती कळते. यातून एक महत्त्वाचं निघतं: मागे जाता येत नाही. नवी आवृत्ती बिघडली आणि गोडाऊन अडलं, तर जुनी एपीके वर बसणार नाही. म्हणून जुनाच कोड मोठ्या क्रमांकाने पुन्हा बिल्ड करून ‘परतीची’ फाईल आधीच तयार ठेवायची. ती वापरायची वेळ क्वचित येते, पण येते ती संध्याकाळी सात वाजता, गेटवर गाड्या उभ्या असताना.

आणि की. ही तुमच्या लॅपटॉपची नाही, कंपनीची मालमत्ता आहे. की हरवली, पासवर्ड विसरला किंवा ती ज्याच्याकडे होती तो नोकरी सोडून गेला, तर बाहेर असलेल्या प्रत्येक मशीनवरचं ॲप काढून नव्याने बसवावं लागतं. ॲण्ड्रॉइड ९ पासून सहीच्या तिसऱ्या पद्धतीत की बदलायची सोय आहे, पण त्यासाठीही जुनी की हातात लागते, आणि ९ च्या आधीची मशीनं जुनीच सही मागतात. की तयार करताना मुदत भरपूर ठेवा. दहा हजार दिवस ठेवायची पद्धत आहे, म्हणजे साधारण सत्तावीस वर्षं. दोन प्रती, दोन वेगळ्या जागी, पासवर्ड तिसऱ्या जागी. सोर्स कोडच्या साठ्यात ती ठेवू नका. फाईलच्या आतल्या डेटाची जुळवणी आणि सही यांचा क्रम ग्रेडल (स्टुडिओतलं बिल्ड करणारं टूल) आपणहून सांभाळतो. हाताने करत असाल तर आधी झिपअलाइन (जुळवणीचं टूल), मग सही. उलट केलंत तर सही मोडते.

नोंदी उडाल्या त्याचं मूळ मात्र पॅकेजमध्ये नाही, ॲपमध्ये आहे. चांगल्या पॅकेजमागे ॲपने काही गोष्टी पाळाव्या लागतात. न पाठवलेल्या नोंदी किती हे मुख्य पडद्यावर ठळक दिसलं पाहिजे, म्हणजे सुपरवायझरला ‘आकडा शून्य झाल्याशिवाय अपडेट करू नका’ असं सांगता येतं. त्याला डेटाबेस, सिंक वगैरे समजावत बसू नका, शून्य समजतो. दुसरं, डेटाबेससाठी रूम ही लायब्ररी वापरत असाल तर कोडमध्ये ‘फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन’ शोधा. इंटरनेटवरच्या नमुन्यांतून उचललेली ही एक ओळ डेटाबेसची रचना बदलली आणि मायग्रेशन (जुना डेटा नव्या रचनेत नेणारा कोड) लिहिलेलं नसलं की सगळे टेबल पुसून नवे करते. अपडेट विनातक्रार बसतं, ॲप उघडतं, आणि सकाळच्या पाळीच्या नोंदी गायब. ती ओळ काढा आणि प्रत्येक बदलाचं मायग्रेशन लिहा. गोडाऊनमधलं एखादं मशीन दोन आवृत्त्या मागे असतंच, ते कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं. म्हणून दोन पायऱ्या ओलांडून येणाऱ्या मशीनचीही चाचणी करा.

आता इन्स्टॉल झाल्यानंतरचं. तुमच्या हातात असलेलं आणि पॅकेजमध्ये नसलेलं सगळ्यात जास्त काम इथेच आहे.

सर्व्हरचा पत्ता, गोडाऊनचा कोड, प्रिंटरचा नंबर या गोष्टी एपीकेत गोठवू नका. ग्राहकाने सर्व्हर हलवला की तुम्हाला नवं बिल्ड द्यावं लागेल, आणि दुसरा ग्राहक आला की दोन वेगळी बिल्डं सांभाळत बसाल. हातात स्कॅनर असलेलं मशीन आहे, त्याचा फायदा घ्या. ॲप पहिल्यांदा उघडलं की ‘सेटिंगचा कोड स्कॅन करा’ एवढंच म्हणावं, आणि एका क्यूआर कोडमध्ये हे सगळं असावं. ग्राहकाकडे डिव्हाइस मॅनेजमेंट असेल तर तेच मूल्य तिथूनही पाठवता येतं, त्याची सोय ॲण्ड्रॉइडमध्ये आहे. पण क्यूआरचा कागद कुठेही चालतो.

स्कॅनरची सेटिंग हा दुसरा खड्डा. झेब्रा कंपनीच्या मशीनवर डेटावेज नावाचं ॲप असतं आणि बारकोड तुमच्या ॲपपर्यंत कसा पोचवायचा हे त्यातल्या प्रोफाइलवर (त्या ॲपसाठीच्या सेटिंगच्या संचावर) ठरतं. प्रोफाइल नसेल तर डेटावेज ठरलेल्या पद्धतीने अक्षरं टाइप केल्यासारखी पाठवतो. मग कामगार बीप ऐकतो, लाल उजेड दिसतो, पण आकडे जातात भलत्याच रकान्यात, कारण कर्सर तिथे होता. तक्रार येते ‘ॲप चुकतंय’. हातातल्या मशीनवर प्रोफाइल करून त्याची फाईल बाहेर काढता येते आणि ती दुसऱ्या मशीनच्या ठरावीक फोल्डरमध्ये टाकली की डेटावेज ती आपणहून उचलतो. मी मात्र ती फाईल फिरवत बसत नाही. डेटावेजला ॲपमधूनच आज्ञा देता येते, तेव्हा पहिल्या उघडणीला ॲपनेच स्वतःचं प्रोफाइल तयार करावं. पॅकेजमधला एक तुकडा कमी झाला की विसरायची एक गोष्ट कमी होते.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण बरेच जण तिच्यावर एक दिवस घालवतात. मशीन चालू होताच ॲप सुरू व्हावं म्हणून तुम्ही बूटचा संदेश ऐकणारा कोड लिहिला असेल. ताजं बसवलेलं ॲप एकदा तरी कुणी उघडेपर्यंत ॲण्ड्रॉइड त्याला ‘थांबलेलं’ समजतो आणि तो संदेश पोचवतच नाही. म्हणजे मशीनं बसवली, बंद करून डब्यात ठेवली, सकाळी चालू केली, तर ॲप सुरू होणार नाही. बसवण्याच्या पायऱ्यांत ‘एकदा उघडा’ ही पायरी असलीच पाहिजे, मग ती माणसाने करावी किंवा स्टेजिंगच्या (मशीनची तयारी आपोआप करणाऱ्या) टूलने. परवानग्या आणि बॅटरी वाचवण्यातून सूट, हे दोन्ही त्याच पहिल्या उघडणीत उरकून घ्या. आणि ॲप वेबव्ह्यूवर (ॲपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या भागावर) चालत असेल तर गूगलच्या सेवा नसलेल्या मशीनवर ते आवर्जून बघा. तिथे वेबव्ह्यू आपोआप अद्ययावत होत नाही, त्यामुळे तुमच्या फोनवर सुंदर दिसणारा पडदा तिथे कोरा येऊ शकतो.

फाईल मशीनपर्यंत न्यायची कशी? जीमेलने पाठवू नका, एपीके जोडलेली असेल तर तो अडवतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाईल पोचते, पण मग ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन २’ अशी वंशावळ सुपरवायझरच्या फोनमध्ये जमते आणि मशीनवर नेमकं काय बसलं ते कुणालाच सांगता येत नाही. शिवाय ॲण्ड्रॉइड ८ पासून बाहेरचं ॲप बसवायची परवानगी प्रत्येक स्रोताला वेगळी द्यावी लागते; व्हॉट्सॲपला दिलीत की ती तशीच उघडी राहते.

तीस मशीनसाठी मला स्टेजिंग बारकोड सगळ्यात सोयीचा वाटतो. झेब्राचं स्टेजनाऊ किंवा हनीवेलचं एंटरप्राइझ प्रोव्हिजनर अशा टूलमध्ये तुम्ही पायऱ्या लिहिता: या वायफायला जोड, या पत्त्यावरून एपीके उतरव, बसव, उघड. त्याचा एक बारकोड छापला जातो. मशीनवर तो स्कॅन केला की पुढचं आपोआप. एपीके गोडाऊनमधल्याच एखाद्या संगणकावर ठेवा, बाहेरच्या इंटरनेटवर अवलंबून राहू नका. वायफायचा पासवर्ड त्या बारकोडमध्ये जातो, म्हणून तो कागद भिंतीवर न चिकटवता सुपरवायझरच्या कपाटात ठेवा. आणि प्रिंट लेझरचीच घ्या. शाईच्या प्रिंटरवर काढलेला दाट कोड हात लागून फरकाटला की वाचला जात नाही, मग फोन येतो की ‘तुमचं पॅकेज चालत नाही’.

इथली एक जागा जवळून दाखवते, कारण ती हमखास भेटते. मशीन महिनाभर ड्रॉवरमध्ये पडून बॅटरी पार उतरलेली असते. चार्ज करून चालू केलं की घड्याळ कुठल्या तरी जुन्या तारखेवर असतं. बारकोड स्कॅन केला, वायफाय जोडलं, पण डाउनलोड अडलं. कारण पत्ता एचटीटीपीएसचा (सुरक्षित जोडणीचा) आहे आणि मशीनच्या दृष्टीने सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. बाजूच्याच मशीनवर तोच बारकोड चालतो, त्यामुळे सगळे मशीन खराब म्हणून बाजूला ठेवतात. उपाय सोपा आहे: पायऱ्यांमध्ये डाउनलोडच्या आधी घड्याळ लावायची पायरी टाका.

मशीनं शंभराच्या पुढे जाणार असतील किंवा दुसरं गोडाऊन येणार असेल, तर पूर्ण डिव्हाइस मॅनेजमेंटकडे वळा. ॲण्ड्रॉइड ७ पासून कोऱ्या मशीनच्या स्वागताच्या पडद्यावर सहा वेळा टॅप केलं की क्यूआर वाचणारा पडदा उघडतो आणि तिथून मशीन पूर्णपणे कंपनीच्या ताब्यात घेता येतं. मग ॲप कुणाला न विचारता बसतं. ॲपने स्वतःच स्वतःला अपडेट करायचा मार्गही आहे, पण साध्या ॲपला दर वेळी माणसाचा ‘हो’ लागतो. ॲण्ड्रॉइड १२ पासून काही अटींवर तो टाळता येतो, पण गोडाऊनमध्ये १२ च्या खालची मशीनं असतील तर त्यावर भिस्त ठेवू नका. मॅनेज्ड गूगल प्लेवरून (कंपन्यांसाठीच्या प्लेवरून) द्यायचं ठरवलंत तर एक जपा: तिथे शेवटची सही गूगलकडच्या कीने होऊ शकते. तसं झालं तर तुम्ही हाताने बसवलेलं बिल्ड आणि प्लेवरचं बिल्ड एकमेकांवर बसणार नाहीत. एकतर तुमचीच की गूगलला द्या किंवा एकच मार्ग पाळा.

हे सगळं जमल्यावर चाचणी घ्यायची ती तुमच्या टेबलावर नाही. प्रत्येक मॉडेलचं एक मशीन फॅक्टरी रीसेट करा, त्यावर आधीची आवृत्ती बसवा, पाच-सहा नोंदी करा, वायफाय बंद ठेवा म्हणजे त्या अडकतील. मग ते मशीन आणि एक पानी सूचना गोडाऊनमधल्या अशा माणसाला द्या ज्याने हे कधी केलेलं नाही. तुम्ही बाजूला उभे राहा आणि तोंड उघडू नका. तो जिथे थबकेल ती जागा पॅकेजमध्ये दुरुस्त करायची, सूचनांत ओळ वाढवून भागवायची नाही. मराठीतून लिहा, पण बटणाचं नाव मशीनवर जसं दिसतं तसंच लिहा. ‘स्थापित करा’ असं लिहिलंत आणि पडद्यावर ‘इन्स्टॉल’ असेल तर तो शोधत बसेल. आधी दोन-तीन मशीनवर नवी आवृत्ती चालू द्या, एक पूर्ण दिवस, आणि मग बाकीची. आपल्याकडच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी गुरुवारी सुट्टी असते म्हणून सगळे अपडेट गुरुवारी करायचा मोह होतो. पण गुरुवारीच वीजही जाते, तेव्हा वायफायला आणि त्या संगणकाला बॅकअप आहे का ते आधी विचारा.

राहिली विंडोज मोबाईलची मशीनं. तिथे पॅकेज म्हणजे कॅब फाईल. आयएनएफ फाईलमध्ये काय कुठे कॉपी करायचं ते लिहायचं आणि कॅबविझ या टूलने कॅब बांधायची, किंवा व्हिज्युअल स्टुडिओ २००८ मधला तयार प्रोजेक्ट वापरायचा. २००८ च्या पुढच्या स्टुडिओत या मशीनची सोयच नाही, म्हणून तो एका व्हर्च्युअल मशीनमध्ये जसाच्या तसा जपून ठेवा. मशीनवर कॅब बसवण्याचं काम डब्ल्यूसीईलोड हा त्यातलाच प्रोग्रॅम करतो. तो एका वेळी एकच कॅब हाताळतो, त्यामुळे कॅबच्या आतून दुसरी कॅब बसवायच्या भानगडीत पडू नका. कॉम्पॅक्ट फ्रेमवर्क (ॲप चालायला लागणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर), मग डेटाबेसचं इंजिन, मग तुमचं ॲप, असा क्रम लावणारा छोटा प्रोग्रॅम लिहा. विंडोज मोबाईलवर बसवून झाली की कॅब आपणहून पुसली जाते, ती राहावी असं आज्ञेत सांगावं लागतं.

इथेही दुसऱ्या इन्स्टॉलचाच सापळा आहे. नवी कॅब आधीची आवृत्ती काढून टाकते, आणि काढताना कॅबने आणलेल्या फाईली पुसते. रिकामा डेटाबेस तुम्ही कॅबमध्येच घालून दिला असेल तर आता भरलेला डेटाबेसही तिच्याबरोबर जातो. म्हणून डेटाबेस कॅबमध्ये नको, ॲपने पहिल्यांदा चालताना तो तयार करावा. मशीनवर सिम्बॉल किंवा मोटोरोला असं नाव असेल, तर त्यात ‘ॲप्लिकेशन’ नावाचा फोल्डर असतो. क्लीन बूट केलं, म्हणजे मशीन मूळ स्थितीत आणलं, तरी त्यातलं टिकतं, तेव्हा कॅब आणि डेटाबेस दोन्हींची जागा तीच. सिम्बॉल २००७ मध्ये मोटोरोलाकडे आणि तो व्यवसाय २०१४ मध्ये झेब्राकडे गेला, त्यामुळे त्यांची कागदपत्रं आता झेब्राच्या साइटवर शोधा.

या मशीनना टीएलएस १.२ (एचटीटीपीएसमागची सुरक्षा पद्धत) येत नाही, म्हणून आजच्या एचटीटीपीएस सर्व्हरवरून ती काहीच उतरवू शकणार नाहीत. एसडी कार्ड किंवा आतल्या नेटवर्कवरचा साधा सर्व्हर, हेच दोन मार्ग. केबलने जोडायचं असेल तर विंडोज १० च्या २०१७ मधल्या अपडेटनंतर मोबाईल डिव्हाइस सेंटर (संगणकाला ही मशीनं जोडायचं सॉफ्टवेअर) उघडताच अडकतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) त्याच्या दोन्ही सर्व्हिसपुढे ‘एसव्हीसीहोस्ट स्प्लिट डिसेबल’ ला १ दिलं आणि संगणक पुन्हा सुरू केला की चालतं.

माझं मत विचाराल तर या डझनभर मशीनसाठी नवीन काही लिहू नका. मायक्रोसॉफ्टने ६.५ च्या हॅण्डहेल्ड आवृत्तीचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला थांबवलाय. आत्ता चालणारी आवृत्ती गोठवा, तिची शेवटची कॅब आणि लागणाऱ्या सगळ्या कॅब एका एसडी कार्डावर घाला, त्या कार्डाच्या दोन प्रती गोडाऊनमध्ये ठेवा, आणि ग्राहकाला लेखी कळवा की नवे बदल फक्त ॲण्ड्रॉइडवर येतील. मशीन मेलं की त्या जागी ॲण्ड्रॉइडचं घ्यायचं. तोवर बंद पडलेल्या मशीनच्या चालू बॅटऱ्या आणि क्रेडल (चार्जिंगचे स्टॅण्ड) भंगारात देऊ नका म्हणावं; बाकीची मशीनं अडतील ती बहुधा त्यांच्यावाचूनच.